राबणाऱ्या पाठीसाठी पिलाटीज: रत्नागिरीतल्या एका छोट्या वर्गाचा अनुभव

रत्नागिरी शहरात मी पिलाटीजच्या, म्हणजे श्वासाच्या तालावर सावकाश हालचाली करून कमरेभोवतीची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाच्या, ज्या वर्गाला जाते, तो नवख्या बाईसाठी उत्तम आहे. हॉल साधा, मशीन एकही नाही, पावसाळ्यात दमटपणाने जीव नकोसा होतो आणि वेळाही सगळ्यांना सोयीच्या नाहीत. तरी उत्तम म्हणते, ते शिकवणाऱ्या मॅडमच्या नजरेमुळे. सहा जणी आडव्या पडलेल्या असतात आणि कुणाची मान ताठली, कुणी श्वास कोंडून धरला, कुणाची कंबर जमिनीपासून सुटली, हे त्यांना बरोब्बर दिसतं.

वर्गाचं नाव देत नाही, कारण मॅडमनीच नको म्हटलं. जागा सहाच जणींची आणि नंबर लावून बसलेल्या बायका आधीच आहेत. पण पिलाटीज म्हणजे काय, सुरुवातीला काय करून घेतात, फायदा कितपत आणि सावध कुठे राहायचं, हे सविस्तर लिहावंसं वाटलं. तुमच्या गावात, चिपळूणला, कणकवलीला, मालवणात असा वर्ग निघाला तर तो चांगला की नाही हे पारखायला त्याचा उपयोग होईल.

आधी माझ्या पाठीबद्दल, कारण परीक्षण तिच्याच जिवावर चाललंय. आमची बाग पावस रस्त्याला, भाट्याचा पूल ओलांडून पुढे. हापूसची कलमं, थोडे काजू, खाली मळ्यात घरापुरतं भात. फेब्रुवारी-मार्चपासून काजूबी वेचायची, एप्रिल-मेमध्ये आंब्याची काढणी, निवडणं, पेट्या भरणं, जुलैत लावणी. यातलं निम्मं काम वाकून आणि उरलेलं जमिनीवर बसून. पन्नाशी ओलांडल्यावर माझी कंबर सकाळी अशी धरायला लागली की पलंगाच्या कडेला हात टेकल्याशिवाय उठता येईना. एक्स-रेमध्ये वयाप्रमाणे होणारी झीज सोडली तर विशेष काही निघालं नाही. गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शेवटी फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, “काकू, तुम्ही काम खूप करता, पण व्यायाम अजिबात करत नाही. पिलाटीजचा वर्ग सुरू झालाय, तिकडे जाऊन बघा.”

शेडमध्ये आंबा निवडताना मी हे बोलले, तर बायका हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. “वैनी, दिवसभर आपण करतो ते काय मग?” एकीने विचारलंन. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला वर्गात गेल्यावरच नीट कळलं आणि मला जे सांगायचंय ते मुख्यतः हेच आहे.

कामाच्या वेळी आपलं लक्ष कामावर असतं. काजूबी उचलायची असते, पेटी टेम्पोत चढवायची असते. ती कशी उचलली, कुठल्या स्नायूने उचलली, श्वास घेतला की कोंडला, याकडे बघायला सवड नसते. शरीर त्याला सोपी वाटेल ती वाट धरतं आणि वर्षानुवर्षं तीच धरतं. माझ्या बाबतीत गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकायचं, कळशी-बादली नेहमी उजव्या कुशीवर किंवा उजव्या हातात, वजन उचलताना दम रोखायचा. जे स्नायू रोज वापरले ते आखडून बसले आणि ज्यांनी पाठीला आतून आधार द्यायचा ते ढिले पडले. पिलाटीजमध्ये याच्या बरोबर उलट चालतं. तिथे काम काहीच नसतं, फक्त हालचाल असते, तीही सावकाश, मोजकी, आणि सगळं लक्ष ती कशी होते यावर. राबणाऱ्या बाईला ही गोष्ट अगदी अनोळखी असते आणि माझ्या मते तिलाच तिची सर्वांत जास्त गरज असते.

पहिल्या दिवशी व्यायाम फारसा झालाच नाही. मॅडमनी प्रत्येकीला वेगळं बसवून विचारलं. रक्तदाब आहे का, हाडांची तपासणी कधी झाली, बाळंतपणं किती, सिझेरियन होतं का, पोटाचं ऑपरेशन, मणक्यांमधली चकती सरकल्याचं निदान, पायात मुंग्या येतात का, खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब सुटतो का. शेवटच्या प्रश्नाला आम्ही सगळ्या गप्प झालो. मॅडमनी तो इतक्या सरळ विचारला की एकेक करून बोलत्या झालो. सहापैकी निम्म्याहून जास्त जणींना तो त्रास होता आणि आजवर कुणीच तो कुणाला सांगितला नव्हता. वर्गावर माझा विश्वास बसला तो इथे. कुठलाही वर्ग बघायला जाल तेव्हा आधी प्रश्न विचारतात का ते बघा. पैसे घेऊन थेट सतरंजीवर आडवं करत असतील तर परत फिरा.

मग उताणं निजायचं. गुडघे वर, तळपाय जमिनीवर, दोन्ही पायांत कमरेइतकं अंतर. आता कमरेचा मागचा नैसर्गिक बाक शोधायचा. ओटीपोटावर हाताचा त्रिकोण करून ठेवायचा, मनगटांकडचा भाग कमरेच्या दोन हाडांवर आणि बोटं खाली जांघांच्या मधल्या हाडावर. हा त्रिकोण जमिनीला समांतर झाला की कमरेखाली जेवढी फट उरते तेवढी ठेवायची. ती दाबून टाकायची नाही आणि वाढवायचीही नाही. पाठीची ही मधली स्थिती सापडायलाच मला कितीतरी वेळ लागला. माझी कंबर सतत वर उचललेली असायची आणि मला वाटायचं ती टेकलेलीच आहे.

त्यानंतर श्वास. मॅडमनी ओढण्या बरगड्यांभोवती गुंडाळायला लावल्या आणि टोकं हातात धरायला सांगितली. नाकाने श्वास घ्यायचा तो असा की ओढणी दोन्ही बाजूंनी आणि मागून ताणली गेली पाहिजे. तोंडाने सावकाश सोडायचा आणि सोडताना ओटीपोट अलगद आत-वर ओढून घ्यायचं. पोटात सर्वांत आत एक आडवा स्नायू आहे, तो कमरपट्ट्यासारखा सगळीकडून वेढून असतो. श्वासाचा पडदा वर, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू खाली, मणक्यालगतचे बारके स्नायू मागे आणि हा आडवा स्नायू पुढून, असे चौघे मिळून कमरेला धरून ठेवतात. या चौघांना एका वेळी कामाला लावायचं हा पिलाटीजचा गाभा आहे. हात-पाय हलवायचे ते नंतर, आणि मधला भाग जागचा न हलवता.

हे वाचायला सोपं वाटतं. एक पाय जमिनीपासून वीतभर उचलून परत ठेवायचा आणि कमरेचा त्रिकोण जराही डुचमळू द्यायचा नाही, एवढं करून बघा. चिऱ्यांच्या गाड्या उतरवून घेतलेली बाई तिथे थरथरते. आमच्यातल्या दोघी पहिल्या पंधरवड्यात सोडून गेल्या. घाम येत नाही, मग कसला व्यायाम, असं त्यांचं म्हणणं. मला वाईट वाटलं, कारण त्या निघाल्या तेव्हा बाकीच्यांना नुकतं कुठे समजायला लागलं होतं.

पहिल्या महिन्यात जे शिकवलं त्यात मला सर्वांत आवडतो तो पुलाचा प्रकार. त्याच निजलेल्या स्थितीत श्वास सोडत आधी शेपटीचं हाड उचलायचं, मग कंबर, मग पाठ, एकेक मणका सुटा करत खांद्यांपर्यंत जायचं. वर श्वास घ्यायचा आणि परत येताना छातीमागचा मणका आधी, शेवटी माकडहाड. सुरुवातीला माझी कमरेची सगळी पाठ एकदम धप्पकन खाली यायची, मधले चार-पाच मणके एकच ठोकळा असल्यासारखे. मॅडम शेजारी बसून बोटाने दाखवायच्या, “काकू, इथून. आता इथून.” हळूहळू तो ठोकळा सुटा झाला. सकाळी पलंगाला हात टेकणं बंद झालं ते याच सुमाराला.

याशिवाय कुशीवर निजून वरचा गुडघा उघडायचा, चार पायांवर होऊन समोरचा एक हात आणि उलट बाजूचा पाय लांबवायचा, भिंतीला पाठ लावून डोक्यापासून एकेक मणका खाली सोडायचा, पालथं पडून छाती थोडी उचलायची. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, त्याच्यावर नाही. मॅडम म्हणतात, नवव्या वेळी बिघडला तर आठव्यालाच थांबा. आमच्यासारख्यांना हे पचवणं जड जातं, कारण लावणीत ओळ पुरी केल्याशिवाय कंबर सरळ करायची नाही हीच शिकवण.

‘हंड्रेड’ नावाचा प्रसिद्ध प्रकार तुम्ही फोनवर पाहिला असेल. उताणं पडून डोकं-खांदे उचललेले, पाय हवेत आणि हात बाजूला वर-खाली भराभर. पाच ठोक्यांचा श्वास आत, पाच ठोक्यांचा बाहेर, असं दहा वेळा, म्हणून शंभर. आम्हाला तो डोकं जमिनीवर आणि तळपायही जमिनीवर ठेवून दिला. नंतर पाय टेबलासारखे काटकोनात. डोकं उचलायला फार उशिरा सांगितलं आणि ज्यांची मान दुखते त्यांना अजूनही नाही. पहिल्याच आठवड्यात नवख्यांकडून पूर्ण हंड्रेड करून घेणारा वर्ग मला पसंत पडणार नाही.

मशीन नाही म्हणून या वर्गाला नाक मुरडणाऱ्यांना मी एकच सांगते, हे सगळं सुरू कुठून झालं ते बघा. जोसेफ पिलाटीज हा जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखचा, जन्म 1883 चा. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार असलेला मुलगा व्यायामाच्या मागे लागला आणि पुढे इंग्लंडला गेला. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रजांनी त्याला नजरकैदेत टाकलं, त्यातला बराच काळ आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत. तिथे जमिनीवर करायच्या व्यायामांची त्याची पद्धत आकाराला आली. अंथरुणाला खिळलेल्यांना पलंगाला स्प्रिंगा बांधून व्यायाम दिला आणि पुढची यंत्रं त्यातूनच सुचली, असं सांगितलं जातं. 1920 च्या दशकात तो न्यूयॉर्कला गेला आणि क्लारा या सहचारिणीबरोबर एट्थ अव्हेन्यूवर त्याने स्टुडिओ चालवला. जॉर्ज बॅलनशीन, मार्था ग्रॅहम या नामवंत नृत्यदिग्दर्शकांकडचे नर्तक दुखापती घेऊन त्याच्याकडे यायचे. स्वतःच्या पद्धतीला तो कॉन्ट्रॉलॉजी म्हणायचा. 1945 साली त्याचं पुस्तक निघालं, त्यातले 34 व्यायाम सगळे जमिनीवर, एका चटईवर करायचे. 1967 साली तो वारला.

म्हणजे आपल्या ओटीवर सतरंजी टाकून करता येईल अशीच ही गोष्ट आहे. आणि हा बायकांचाच प्रकार, हेही खरं नाही. तो स्वतः मुष्टियोद्धा होता. आमच्या वर्गात पुरुषांची तुकडी नाही, ही माझी खरी तक्रार आहे. झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी, घेऊन दिवसभर मान वर करून आंबे काढणाऱ्यांच्या माना आणि खांदे बघा. आमच्या यजमानांना मी घरी भिंतीजवळचे दोन प्रकार शिकवलेत, पण मॅडमच्या नजरेखाली करणं ते वेगळंच.

आणखी एक गोष्ट वर्ग निवडताना कामाची आहे. 2000 साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला की पिलाटीज हे नाव व्यायामाच्या एका पद्धतीचं आहे, त्यावर कुणा एकाची मालकी चालणार नाही. त्यामुळे ही पद्धत जगभर मोकळी झाली, आणि पाटी कुणीही लावू शकतं हेही त्याबरोबर आलं. म्हणून शिकवणाऱ्याला सरळ विचारा, कुठे शिकलात, किती महिने, कुणाच्या हाताखाली शिकवलंत. आमच्या मॅडमनी न विचारता सांगितलं. आधी फिजिओथेरपी, मग मुंबईत चटईवरच्या पिलाटीजचं प्रशिक्षण. असं विचारलेलं ज्यांना आवडत नाही त्यांच्याकडे पाठ सोपवू नये.

“म्हणजे योगच ना?” हा प्रश्न मला आळीत, एसटीत, लग्नात, सगळीकडे विचारला जातो. मी शाळेत असल्यापासून योगासनं केली आहेत आणि मला ती प्रिय आहेत. आसनात आपण एका स्थितीत जातो आणि तिथे स्थिरावतो. पिलाटीजमध्ये स्थिरावणं कमी, श्वासाच्या तालावर तीच हालचाल पुन्हा पुन्हा आणि सगळा रोख कमरेभोवतीच्या ताकदीवर. योगात पोट सैल सोडून श्वास घेण्याची सवय असते, इथे बरगड्या फुलवायच्या असतात. पहिले काही दिवस माझा त्यातच गोंधळ व्हायचा. दोन्ही चालू ठेवता येतात. मी सकाळी घरी सूर्यनमस्कार घालते आणि वर्गाच्या दिवशी पिलाटीज करते.

फायद्याबद्दल मला खरं तेवढंच लिहायचंय, कारण जाहिरातींत काहीही छापतात. कंबरदुखीवर पिलाटीजचा उपयोग होतो का, हे 2015 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने तपासलं. 10 चाचण्या, 510 माणसं. काहीच न करणं किंवा नुसता सल्ला घेऊन घरी बसणं यापेक्षा पिलाटीजने दुखणं आणि अडलेपण कमी होतं, असं त्यात दिसलं. पण इतर चांगल्या व्यायामापेक्षा ते वरचढ आहे असा ठाम पुरावा मिळाला नाही आणि एकूण पुरावाही कमी ते मध्यम दर्जाचाच होता. म्हणजे तुमच्या गावात चांगला फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवत असेल आणि पिलाटीज नसेल, तर अडून बसायचं कारण नाही.

माझ्यात झालेला बदल सांगते. काजूबी वेचताना मी आता गुडघ्यांतून आणि खुब्यातून खाली जाते, कंबर तशीच लांब राहते. पेटी उचलण्याआधी आपोआप श्वास सुटतो आणि ओटीपोट आत जातं. पेट्या भरताना दर थोड्या वेळाने मी बसण्याची बाजू बदलते. दिवस संपताना कंबर थकलेली असते, पण ती चमक येत नाही. रात्री कूस बदलताना जाग येत नाही. आणि शिंकेची धास्ती गेली, हे मी मुद्दाम उघडपणे लिहिते. त्यासाठी मॅडमनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा वेगळा व्यायाम रोज घरी करायला दिला होता. आवळायचं, धरायचं, आणि तितक्याच नीट सोडायचं. हा व्यायाम डॉक्टरही पहिला उपाय म्हणून सांगतात. एवढ्याशा माहितीअभावी कितीतरी बायका देवळात, लग्नाकार्यात जायचं टाळतात. ज्या वाचताय त्यांनी आपल्या बहिणीला, वहिनीला, सासूला सांगा.

वजन मात्र उतरलं नाही आणि त्यासाठी या वर्गाला येऊ नका. हृदय आणि दम यांच्यासाठीही हे पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. पिलाटीज या दुसऱ्या खात्यात बसतं. पहिल्या खात्यासाठी मी वर्ग सुटल्यावर भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाकडून भराभर चालते आणि मग घरची वाट धरते.

सावधगिरीचा भाग घाईत वाचू नका. आमच्यात एक मावशी आहेत, सत्तरीच्या, त्यांची हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालंय. पाठ गोल करून उठण्याचे, चेंडूसारखं मागे-पुढे लोळण्याचे जे प्रकार पिलाटीजमध्ये सर्रास असतात, ते मॅडम त्यांना कधीच देत नाहीत, कारण ठिसूळ मणक्यावर वाकताना पुढून दाब आला तर तो दबून मोडू शकतो. आम्ही पोटातून उठत असतो तेव्हा मावशी पालथ्या पडून पाठीचे स्नायू बळकट करत असतात किंवा उभ्याने तोल सांभाळत असतात. एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी. मोठ्या तुकडीत हे होणं शक्य नाही, म्हणून सहाचा आकडा मला इतका महत्त्वाचा वाटतो. ज्यांची चकती सरकलीय, ज्यांच्या पायात बधिरपणा आहे, ज्यांचं नुकतं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालंय, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये. गरोदरपणात काही महिन्यांनंतर बराच वेळ उताणं निजून करायचे प्रकार टाळतात. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडायचा नाही. आणि फोनवरचे व्हिडिओ बघून सुरुवात करू नका. पडद्यावरची मुलगी तुमची कंबर बघू शकत नाही. शिकून झाल्यावर उजळणीला तेच व्हिडिओ चालतील.

आता उणं. जून ते सप्टेंबर हॉलमध्ये हवा इतकी ओली की चटया चिकटतात, धुतल्या तर वाळत नाहीत आणि एक कुबट वास राहतो. मी स्वतःची चटई आणते आणि वर जुनं सुती पातळ घडी करून घालते. तुम्हीही तसंच करा. लाइट गेली की पंखा बंद, मग खिडक्या उघडाव्या लागतात आणि खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात मॅडमच्या सूचना ऐकू येत नाहीत. वर्ग पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, कठड्याचा एक भाग हलतो. जिथे गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या बायका येतात तिथे ही गोष्ट आधी दुरुस्त व्हायला हवी. मी दोनदा बोलले आहे आणि जागेच्या मालकांनी ते करेपर्यंत बोलत राहीन.

वेळा दोनच, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी पाच. सकाळची नोकरी करणाऱ्या शहरातल्या मुलींना ठीक, पण डबे, गुरं, पाणी यांतून बाहेर पडणाऱ्या गावच्या बाईला अशक्य. संध्याकाळच्या वेळेला आम्ही पावसकडच्या दोघी स्कूटरवरून येतो. एसटीवर अवलंबून असतील त्यांना परतायला उशीर होतो. दुपारी अकराची एक तुकडी निघाली तर गोळप, कोळंबे, शिरगाव या बाजूच्या कितीतरी बायका येतील, असं मी मॅडमना सुचवलंय.

फी महिन्याला 1,800 रुपये, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी 50 मिनिटं. शहराच्या मानाने रास्त, मजुरीवर जाणाऱ्या बाईला मात्र न परवडणारी. आमच्या शेडमधल्या ज्या बायकांनी तो प्रश्न विचारला होता, त्यांच्या पाठी माझ्यापेक्षा जास्त झिजल्या आहेत. मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी हंगाम सुरू होण्याआधी एक रविवार आमच्या खळ्यात येऊन सगळ्यांना वाकायचं कसं, पेटी उचलायची कशी आणि दिवस संपल्यावर पाठ मोकळी करायचे चार प्रकार कोणते, हे शिकवलं. पैसे घेतले नाहीत. साड्या नेसलेल्या बायकांना जमतील असेच, उभ्याने आणि भिंतीला टेकून करायचे प्रकार निवडले होते. आता दुपारच्या जेवणानंतर शेडच्या भिंतीला ओळीने पाठी लागलेल्या असतात. हा शिक्षक म्हणून मॅडमचा मोठेपणा आहे आणि मी या वर्गाला इतकं वर ठेवते त्यातलं निम्मं श्रेय या रविवारचं.

मशीनबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. पुण्याला लेकीकडे गेले तेव्हा तिने मला रिफॉर्मरवर नेलं. लांबट चौकट, त्यावर मागे-पुढे सरकणारी बैठक, तिला जोडलेल्या स्प्रिंगा आणि हातापायांसाठी पट्टे. स्प्रिंगा काही हालचालींत अडवतात आणि काहींत आधार देतात, म्हणून अशक्त माणसालाही त्यावर बरंच काही करता येतं. मला मजा आली, पाय फार छान ताणले गेले. पण श्वास, कमरेचा त्रिकोण, मणका सुटा करणं, हे सगळं मी चटईवर शिकून गेले होते म्हणून तिथे पहिल्या तासात निभावलं. माझ्या शेजारची नवखी मुलगी बैठक घसरू नये याच धडपडीत होती. फीमध्ये तर तुलनाच नको. आपल्याकडे रिफॉर्मर येईल तेव्हा येईल, त्यासाठी थांबू नका.

बायका कपड्यांचं फार विचारतात. आमच्यात कुणी लेगिंग घालतं, कुणी सलवार, मावशी तर घरचा गाऊन आणि आत पॅण्ट अशा येतात. पाय वर करायचे असतात म्हणून पायघोळ सैल काही नको, एवढंच. वर्ग फक्त बायकांचा, खिडक्यांना पडदे, अनवाणी किंवा पकड असलेले मोजे. जेवणानंतर दोन-अडीच तास मध्ये जाऊ द्या. सोबत सुती टॉवेल, पाणी आणि ओढणी.

गणपतीत आणि शिमग्यात वर्ग बंद असतो आणि नवी तुकडी गणपतीचं विसर्जन झाल्यावर सुरू होते. मे महिन्यात बागवाल्या बायकांना मॅडम महिनाभराची सुट्टी देतात आणि ती फी पुढच्या महिन्यात धरतात, हे आधी विचारून घ्या, म्हणजे हंगामात पैसे वाया जाणार नाहीत. पहिल्या दिवशी जुने एक्स-रे, हाडांच्या तपासणीचा कागद आणि चालू गोळ्यांची नावं घेऊन जा, आणि त्या प्रश्नांना न लाजता उत्तरं द्या.